पायी माणसाचा आकडा

मला एक प्रश्न पडलाय आणि तो काही केल्या सुटत नाही. ज्या अन्यायामागं कुणाचाच वाईट हेतू नसतो, त्याला अन्याय म्हणायचं की नाही?

गावात ही भानगड नव्हती. पाटलानं बापाला शिवी घातली, की शिवी घालणारं तोंड दिसायचं. पाणवठ्यावरून हाकललं, की हाकलणारा हात दिसायचा. त्या हाताला नाव होतं, आडनाव होतं, वाडा होता. त्याच्यावर दातओठ तरी खाता यायचे. शहराच्या रस्त्यावर माणूस रोज मरतो आणि हात कुणाचाच दिसत नाही. नकाशा आखणारा साहेब सज्जन. रस्ता रुंद करणारा ठेकेदार वारीला जाणारा. गाडी चालवणारा बायकापोरांचा धनी. मग मारलं कुणी? का कुणीच मारलं नाही, आणि मरणारा आपला आपणच मेला?

हे कोडं मी बसल्या जागी रचलेलं नाही. ते माझ्या आईच्या मोडलेल्या खुब्यापाशी सुरू होतं. म्हणून आधी तिथवरचं सांगतो.

*

७२ च्या दुष्काळात आम्ही पुण्यात आलो. नदीकाठच्या वस्तीत पत्र्याची एक खोली. बाप भवानी पेठेतल्या भुसार बाजारात हातगाडी ओढायला लागला. आई सफाईच्या कामावर लागली.

गावात रस्ता होता, पण चावडीपुढून जाताना बाप पायातलं पायताण काढून हातात घ्यायचा. आजानं घेतलं, म्हणून बापानं घेतलं. पुण्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात तो लक्ष्मी रोडवरून चपला घालून चालत गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी हटकलं नाही. मरेपर्यंत ही गोष्ट तो सांगायचा. "कुणी इचारलंबी न्हाई, की कुणाचा रं तू!" असं म्हणून हसायचा. शहरानं त्याला काय दिलं, तर हे दिलं. कुणी न विचारणं. बाबासाहेब आम्हाला खेडं सोडा का म्हणत होते, हे त्याला पुस्तकाशिवाय कळलं होतं. त्याच्या पायांना कळलं होतं.

आणि हे शहर कुठलं? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय, की पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, आपल्याच पावलांची धूळ मागं पुसली जावी म्हणून. गळ्यात मडकं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. म्हणजे माणसानं चालायचं, पण चालल्याची खूण ठेवायची नाही. त्याच शहरात माझी आई पहाटे खराटा घेऊन रस्ता झाडायची. झाडू कमरेवरून हातात आला. महिन्याला पगार आला. त्या पगारावर मी शिकलो, नोकरीला लागलो. मी याला प्रगतीच म्हणतो. नाही म्हणणारा माझ्या आईच्या चुलीपाशी कधी बसलेला नसणार.

*

पहाटे सहाला कोठीवर मुकादमापुढं हजेरी असायची. आई पाचलाच निघायची, पायी. पस्तीस वर्षं तिचा रस्ता तोच होता. आधी त्याला दोन्ही बाजूंनी झाडं होती, एखादं वाहन यायचं, सायकली जायच्या. पुणं तेव्हा सायकलींचं गाव होतं. मग शहर वाढलं. आजूबाजूची गावं पोटात घेत गेलं. १९९७ ला घेतली, २०१७ ला अकरा घेतली, २०२१ ला तेवीस घेतली. पोट वाढलं तशा नसा फुगल्या. रस्ता रुंद झाला. झाडं गेली, मधोमध दुभाजक आला आणि फुटपाथ कापून वीतभर उरला. त्या वीतभर जागेत विजेची पेटी. पेटीपुढं लावलेल्या मोटारसायकली. मोटारसायकलींपुढं आमच्याच वस्तीतल्या एका बाईची भाजीची पाटी.

आई म्हणायची, "आदी मी चार ढांगांत पल्याड जायची. आता निम्म्यात हुबं ऱ्हावं लागतंय, चोरावानी."

२००६ च्या पावसाळ्यात ती अशीच निम्म्यात उभी होती. दुभाजकाला टेकून. हजेरीला दोन वर्षं उरली होती. एका मोटारीचा कोपरा तिला लागला. मोटार थांबली नाही. कागदावर 'अज्ञात वाहन' असं लागलं. तिला उचलून रिक्षात घातलं ते त्या भाजीवालीनं, पाटी तशीच रस्त्यावर टाकून. खुबा मोडला. पुढं चार वर्षं आई जगली, पण चालली नाही. जिनं पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पायाखालचा रस्ता झाडला, तिला उंबरा ओलांडायला दोन माणसं लागायची.

तेव्हा मी त्या मोटारवाल्याला शिव्या घातल्या. तोंड दिसत नव्हतं, तरी घातल्या. बरं वाटलं.

*

पुढं एका अभियंत्याशी ओळख झाली. भला माणूस, आपल्या चळवळीला मानणारा. त्याच्याकडून मला रस्त्याचं गणित कळलं. रस्त्यावर वाहतूक किती, हे मोजायला एक माप आहे. पॅसेंजर कार युनिट. मापाचा शेर म्हणजे मोटार. मोटार एक. बाकी सगळं मोटारीच्या हिशेबात. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था १९३४ पासून आहे. शहरी रस्त्यांसाठी तिनं १९९० ला केलेल्या कोष्टकात सायकल ०.४ ते ०.५ आहे. बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. हातगाडी २ ते ३. पुढं आकडे सुधारले, पण मापाचा शेर मोटारच राहिला.

मी कोष्टक वरून खाली वाचलं. मग खालून वर वाचलं. बाप सापडला. हातगाडी, २ ते ३. म्हणजे जन्मभर भवानी पेठेत ओझं ओढणारा माझा बाप दोन-तीन मोटारींएवढी अडचण होता. आई कुठंच नव्हती. पायी चालणाऱ्याला त्या कोष्टकात आकडाच नाही. शून्यसुद्धा नाही. शून्य लिहायलाही एक रकाना लागतो.

अभियंता म्हणाला, "तुम्ही भलता अर्थ काढताय. हा माणसाच्या किमतीचा आकडा नाही. वाहन रस्त्यावर जागा किती अडवतं, त्याचा आहे. पायी माणूस वाहन नाही, म्हणून यात नाही. त्याच्यासाठी वेगळं मानक आहे."

त्याचं म्हणणं खरं आहे. वेगळं मानक आहे. चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी पाहिजे, असं त्यात लिहिलंय. पण वेगळ्या पोथीत असणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. गावातही आमच्यासाठी वेगळा पाणवठा होताच की. वेगळं ठेवलं, की पहिलं नुकसान हे होतं, की मुख्य हिशेब तुझ्यावाचून पुरा होतो. चौकात मोजणी होते ती वाहनांची. पूल किती मोठा, सिग्नल किती सेकंद, हे ठरतं त्या मोजणीवर. सगळं ठरून उरली जागा तर फुटपाथ. आईच्या वाट्याला आली ती ही उरलेली जागा.

पंचवीस नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणात प्रत्येकाच्या मताला सारखं मोल मिळेल, पण समाजात आणि पोटापाण्याच्या व्यवहारात माणसामाणसाचं मोल सारखं राहणार नाही, आणि ही विसंगती आपण फार काळ सांभाळू शकणार नाही. हे आपण सभांतून घोकतो. मला ती विसंगती एका कोष्टकात दिसली. मतदानाच्या दिवशी आई एक होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती रकान्यातच नव्हती.

*

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढं लिहायचा मला हक्क नाही.

नोकरी लागल्यावर मी स्कूटर घेतली. पहिल्यांदा आईला मागं बसवून गावी नेलं. चावडीपुढून नेली, मुद्दाम, सावकाश. आई माझा खांदा गच्च धरून बसली होती आणि मान ताठ होती. त्रावणकोरात १८९३ ला अय्यंकाळी बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यानं गेले, तेव्हा सवर्णांनी त्यांची वाट अडवली होती. आमच्यात आजही कुणा पोरानं बुलेट घेतली तर कुणाच्या तरी पोटात दुखतंच. म्हणून जे बुद्धिवंत उठून आम्हाला सांगतात, की गाड्या घेऊ नका, सायकल चालवा, त्यांना माझं म्हणणं आहे, की तुमच्या बापानं पायताण हातात घेतलं होतं का, ते आधी सांगा. गाडी आमच्यासाठी नुसतं वाहन नव्हतं. ती ताठ मान होती.

२०१५ ला मुलानं मोटार घेतली. त्याच वर्षी एका पहाटे मी स्वतः ती चालवत स्टेशनला निघालो होतो. गाडीची वेळ झाली होती. अरुंद रस्त्यात मधोमध एक म्हातारी बाई झाडत होती. मी भोंगा वाजवला. ती सरकली नाही. परत वाजवला. मग काच खाली केली आणि माझ्या तोंडून गेलं, "ए म्हातारे, दिसत नाही का?"

तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही. खराटा घेऊन बाजूला झाली. सवयीनं.

मी पुढं गेलो. गाडी गाठली. बसल्यावर हात थरथरायला लागले. आईला जाऊन पाच वर्षं झाली होती. माझ्या मनात त्या बाईविषयी काही वाईट होतं का? नव्हतं. मी तिला खालची समजत होतो का? शपथेवर सांगतो, नव्हतो. ती मला दिसलीच नव्हती. मला दिसली होती फक्त अडचण. दोन ते तीन मोटारींएवढी.

त्या दिवशी 'अज्ञात वाहन' कोण होतं, ते मला कळलं.

*

बाबासाहेबांनी त्याच १९३६ च्या पुस्तकात एक अवघड गोष्ट सांगितलीय. हिंदू माणूस दुष्ट आहे म्हणून जात पाळतो, असं नाही. तो धर्माला मानणारा आहे म्हणून पाळतो. शास्त्र त्याला तसं शिकवतं. तेव्हा भांडण नुसत्या माणसाशी करून भागणार नाही, शास्त्राशी करावं लागेल. पहिल्यांदा वाचताना मला हे सवर्णांना सूट दिल्यासारखं वाटलं होतं. मोटारीत बसल्यावर त्याचा अर्थ लागला. ज्या आसनावर आपण बसतो, ते आसनच आपल्याला शिकवतं, की समोर माणूस आहे की अडचण. आसन बदललं, की डोळे बदलतात. महाराचं पोरही त्याला अपवाद नाही.

म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं येतं, की वाईट हेतू नसताना अन्याय होतो आणि तोच जास्त टिकतो. हेतूवर चाललेला अन्याय त्या माणसाबरोबर मरतो. कोष्टकात बसलेला अन्याय पाटील मेला तरी चालू राहतो. सज्जन माणसांच्या हातून चालतो. उलट सज्जनांमुळंच त्याला बळ येतं, कारण त्यांच्याकडं बोट दाखवायला जीभ रेटत नाही.

मग मी सुटलो का? दोष शास्त्राचा, मी निर्दोष? तसं नाही. शास्त्र कागदावर असतं. त्याला तोंड लागतं, हात लागतो, भोंगा लागतो. ते मी दिलं. कळल्यावरही देत राहिलो, तर पाटलात आणि माझ्यात फरक एवढाच, की तो वाड्यात राहायचा आणि मी फ्लॅटमध्ये राहतो.

हो, मी फ्लॅटमध्ये राहतो. दोन वर्षांनी आमच्या भागात रस्त्याच्या प्रश्नावर नागरिकांची सभा होती. शाळेच्या हॉलमध्ये. एकेकजण उठून बोलत होता. उड्डाणपूल पाहिजे. पार्किंग पाहिजे. पथारीवाले हटवा, फुटपाथ मोकळे करा. मी हात वर केला. माइक धरलेल्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "काका, आपण कुठल्या सोसायटीचे?"

कुणाचा रं तू?

मी सोसायटीचं नाव सांगितलं. वस्तीचं नाही सांगितलं. जिथं वाढलो, जिथून आई निघायची, ते नाव ओठावर आलं आणि गिळलं. हॉलमध्ये वस्तीतलं दुसरं कुणी नव्हतं. सभेत सोसायटीतले होते ते 'नागरिक'. वस्तीतले भाषणांतून येत होते, 'अतिक्रमण' म्हणून. नगरात राहतो तो नागरिक. मग भाजीवाली कुठं राहते?

आणि फुटपाथ मोकळा पाहिजे, हे तर मलाही म्हणायचं होतं. आईचा खुबा त्यानंच गेला. पण ती पाटीही त्यातच होती, आणि पाटी टाकून आईला उचलणारे हातही त्याच बाईचे होते. १९८५ ला मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. आणि त्याच निकालात म्हटलं, की रीतसर नोटीस देऊन फुटपाथवरून हटवता येईल. एका वीतभर पट्टीवर दोन गरिबांचं जगणं एकमेकांसमोर उभं केलं जातं. शेजारी मोटारींना चार पदर. भांडण लावलं जातं ते त्या वितीत. चार पदरांकडं कुणी बघत नाही. मी हे सगळं बोलायला उठलो होतो. सोसायटीचं नाव सांगितलं आणि पार्किंगवर दोन वाक्यं बोलून खाली बसलो.

*

जागा नाही, पैसा नाही, हे मला कुणी सांगू नये. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये मेट्रोच्या कामासाठी पाडले. अजून जुनेसुद्धा झाले नव्हते. त्याच जागी दुमजली पूल उभा राहिला, ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली. पूल बांधता येतो, पाडता येतो, परत बांधता येतो. नाही सापडत ते १.८ मीटर. आणि बस? १ जून २०२५ पासून बसचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं, महिन्याचा पास नऊशेचा पंधराशे. गंमत अशी, की त्या कोष्टकालाच विचारलं तर तेही बसच्या बाजूनं बोलतं. पन्नास माणसं एकेकटी मोटारीनं गेली तर आकडा ५०. तीच पन्नास बसनं गेली तर चारसुद्धा होत नाही. शास्त्रातही सोयीचा श्लोक तेवढा वाचला जातो, हे आपल्याला नवं नाही.

कागदावर मात्र सगळं आहे. २०१६ ला पुण्यानं पादचारी धोरण केलं. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर पहिला पादचारी दिन झाला. बाप ज्या रस्त्यानं चपला घालून चालला, त्या रस्त्यावर एक दिवस माणसांना चालायला मोकळीक. बैलाला पोळा असतो, तसा. दुसऱ्या दिवशी जू मानेवर. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अडथळा नसलेला फुटपाथ हा पायी माणसाचा हक्क आहे, तो जगण्याच्याच हक्कात येतो. आणि या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जिवंतपणी त्यांना रकाना नसतो. मेल्यावर मिळतो.

पण कागदाला मी हसत नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर तळं तीन वर्षं खुलं होतं आणि त्यातलं एक ओंजळ पाणी आपल्या माणसाच्या ओठाला लागलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला माणसं चालत गेली, तेव्हा ते खुलं झालं. ठरावाला पाय फुटल्याशिवाय त्याचा हक्क होत नाही. आणि त्या दिवशी माणसं पाण्याला गेली ती तहान लागली होती म्हणून नव्हे. आपण मोजले जावं म्हणून गेली.

बाप ज्यावर हसायचा ते 'कुणी इचारलंबी न्हाई' मला अजून पाहिजे. जात विचारू नका, वस्ती विचारू नका, सोसायटी विचारू नका. पण मोजा. न विचारणं आणि न मोजणं यांत आम्ही पन्नास वर्षं गल्लत केली. बापाला पहिलं मिळालं म्हणून तो सुखानं मेला. आईला दुसरं मिळालं.

मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मोजून काय होणार? मोजणी सरकार करतं." मी म्हटलं, जनगणनेत धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, असं आपली माणसं दारोदार सांगत फिरली होती, तेव्हाही असंच म्हणणारे होते.

तेव्हा ठरवलंय. येत्या सोमवारपासून रोज पहाटे पाच ते आठ मी त्या चौकात उभा राहणार आहे, आई जिथं निम्म्यात उभी होती तिथं. वही घेऊन. मोटारी मोजायच्या नाहीत, माणसं मोजायची. पायी किती, बसमधली किती, सायकलवर किती, हातगाडीमागं किती, मोटारीत किती. पाटी घेऊन बसलेली किती. प्रत्येक माणूस एक. कोष्टक करायचं आणि पुढच्या सभेत ठेवायचं. माइकवाल्या मुलीनं विचारलं, तर या खेपेला वस्तीचं नाव सांगायचं.

एकट्याला तीन तास जमणार नाही. डोळे अधू झालेत. ज्याला यायचं त्यानं यावं. वह्या माझ्याकडं आहेत.